बावीस हातांच्या खाली

बोरखडीत चहा फाटायचा. दूध ताजं असो, पातेलं राखेनं घासून लख्ख केलेलं असो, गावच्या पाण्याला उकळी आली आणि त्यात दूध पडलं की वर गुठळ्या आणि खाली पिवळं पाणी. तुरीची डाळ दोन-दोन तास शिजत नसे. साबणाला फेस येत नसे. नवी सून पहिला महिना पोट धरून काढी. मूर्तिजापूर सोडून पूर्णेच्या अंगानं गेलं की हा सगळा मुलूखच असा. वरची काळी जमीन कापूस देते आणि तिच्या पोटात मीठ असतं.

गोडं पाणी अख्ख्या गावात एकाच विहिरीला होतं. नाल्याच्या काठची ती विहीर, तिच्यापासून वीस पावलांवर एक आडवा दगड, आणि दगडाच्या अलीकडे बौद्धवाड्यातल्या बायका. विहिरीला हात लावायचा नाही. दगडापाशी भांडं ठेवायचं आणि गावातल्या कुणा बाईला दया येईपर्यंत बसायचं.

एकोणीसशे चौसष्टच्या एप्रिलातली ती सकाळही तशीच होती. चतुराबाई आणि तिची सतरा वर्षांची लेक शकुन पितळी गुंड पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. दोन तासांनी गंगूबाई भरली बादली घेऊन आली आणि हातभर उंचीवरून धार धरू लागली.

"धरा वो नीट! सांडलं तं मंग म्हनसान, गंगूबाईनं अर्धंच देल्लं."

"जरा खाली धर नं बाई," चतुराबाई म्हणाली.

"खाली धरू अन घरी जाऊन आंग धू? धरम बदलला तुमी, पन पान्याची चव काई बदलली नाई नं वो?"

शकुनच्या तोंडून निघून गेलं, "चव माह्या बाबानं शोधून देल्ली, मावशी. इसरल्या वाटते तुमी."

मायनं तिच्या दंडाला चिमटा घेतला. पण बोलणं खोटं नव्हतं. उरलेलं पाणी गंगूबाईनं दगडावर ओतलं आणि ती वळली.

शकुनचा बाप सहदेव मूळचा इथला नव्हता. तो कोकणातला, खेडकडचा. दुसऱ्या महायुद्धात तो आणि बोरखडीचा देवमन एकाच तुकडीत होते. इजिप्तच्या किनाऱ्याला एका बाजूला समुद्र आणि एका बाजूला रेती, आणि तहानलेल्या पलटणीसाठी पाणी काढायचं काम या तुकडीकडे. तिथं सहदेव एक गोष्ट शिकला. पावसाचं गोडं पाणी जमिनीत खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावरच्या सायीसारखं. हळू खोदायचं, हातभर खोदलं की ओली माती जिभेवर ठेवायची, आणि साय लागली की थांबायचं. एक हात जास्त खोदलात की खालचं खारं वर येतं आणि विहीर जन्माची जाते.

देवमन तिथंच तोफेच्या माऱ्यात गेला. सहदेव त्याची पत्र्याची पेटी घेऊन शेहेचाळीस साली बोरखडीला आला, दोन दिवस राहून परत जायचं म्हणून. पेटी उघडून देवमनची आई तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "तूबी जाशीन काय रे आता?" तो गेला नाही. देवमनची बहीण चतुरा, तिच्याशी त्यानं लग्न केलं आणि मिठाच्या मुलखात घर मांडलं. गावानं त्याचं नाव 'मिल्ट्री' ठेवलं. तो बायकोला "अगो" म्हणायचा, त्यावर अख्खा वाडा हसायचा.

तीन वर्षांनी खुशालराव पाटलांनीच त्याला बोलावून घेतलं होतं. गावची जुनी विहीर आटली होती. सहदेवानं नाल्याकाठी आठ दिवस माती चाखत जागा काढली, वाड्यातली दहा माणसं लावली, स्वतः तळाशी उतरला. बावीस हातांवर पाणी लागलं. ओंजळीतलं पाणी पिऊन तो खालून ओरडला, "पाटील, गोडं! आता बस. याच्या खाली एक बोट नको!"

वर नारळ फुटला, गुलाल उडाला. सहदेव बाहेर आला तसं खुशालरावांनी विहिरीत गोमूत्र शिंपडायला लावलं. "मिल्ट्री, काम झ्याक केलं. आता त्या दगडाच्या अलीकडे येऊ नको बरं," ते म्हणाले. हसत म्हणाले. ओल्या कपड्यांनी सहदेव दगडाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. आपण खोदलेल्या विहिरीचं पाणी त्यानं त्यानंतर स्वतःच्या हातानं कधी काढलं नाही.

छप्पन्न साली वाडा बौद्ध झाला. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, कुणाच्या मौतीचा सांगावा घेऊन गावोगाव अनवाणी पळायचं नाही, हे ठरवताना सगळ्यांत पुढे सहदेव होता. तेव्हापासून दगडापाशी घराला एकच गुंड पाणी मिळू लागलं. बाकी स्वयंपाकाला, प्यायला, लेकरांना, सगळ्याला खारं.

त्या खाऱ्यानं सहदेवाचं पोट आणि पाठ धरली. चौसष्टच्या त्या उन्हाळ्यात पाय सुजले, तोंडावर सूज आली. मूर्तिजापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मूत्रपिंडं खराब झालीत. मीठ बंद. आणि खारं पाणी तर थेंबभरही नको. गोडं पाणीच द्या याला, तेच औषध समजा."

शकुन एकटी पाटलांच्या दारी गेली. खुशालराव ओसरीवर पान लावत बसले होते.

"पाटील, बाबाले डॉक्टरनं गोडं पानी सांगतलं हाये. एक गुंड जास्तीचा द्या जी."

"देऊ नं. काहून नाई देनार?" त्यांनी चुना बोटावर घेतला. "माहा तांबडा बैल काल मेला. गोठ्यामांगं पडून हाये, वास येऊन राहिला. तुह्या बापाले म्हन, वाड्यातली चार मानसं घे अन ओढून ने. मंग एक काय, दोन गुंड ने."

"बाबाच्यानं उठवत नाई, पाटील."

"मले बैल ओढायची ताकद नाई पाह्यजे त्याची. मले त्याचं 'हो' पाह्यजे."

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा सहदेव बाजेवर भिंतीला टेकून बसला होता. सुजलेल्या डोळ्यांनी त्यानं लेकीकडे पाहिलं. "शकुन गो, पुन्हा मागायला जाऊ नकोस. आपण आपली विहीर काढू."

चतुराबाईच्या माहेरचा एक तुकडा नाल्याच्या वरच्या वळणावर होता. दुसऱ्या दिवसापासून वाड्यातले आठ जण तिथं लागले. सहदेवाला बाजेसकट उचलून काठावर नेऊन ठेवत. तो बाभळीच्या एका लांब काठीवर सुरीनं खोदलेल्या हातामागे एक खूण करी. दर हाताला वर येणारी माती आधी शकुननं जिभेवर ठेवायची, मग त्यानं.

"काय लागलं?"

"तुरट."

"तुरट म्हणजे अजून चिकणमाती. खारट लागलं की सांग. आणि गोडं लागलं की ओरड, माझ्याआधी तू ओरड." मग तो काठीवर नवी खूण करी. "वर गोडं, खाली खारं. हे विसरलीस तर मी शिकवलं ते फुकट गेलं."

बारा हात झाले. चौदा झाले. सोळाव्या हाताच्या दिवशी त्याला काठावर नेता आलं नाही.

त्या दुपारी ऊन असं होतं की कोंबड्याही बाजेखालून हलत नव्हत्या. सहदेवानं डोळे उघडले आणि म्हणाला, "एक कप चहा दे गो. न फाटलेला."

अठरा वर्षं या गावात काढून त्यानं एवढंच मागितलं होतं. गुंडातलं गोडं पाणी सकाळीच संपलं होतं. शकुन लोटा घेऊन धावली. विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. दोर होता, बादली होती. ती दगडापाशी थांबली. बापानं खोदलेली विहीर, वीस पावलं. गेल्या वर्षी बादलीला शिवला म्हणून गावानं वाड्यातल्या एकाचा हात मोडला होता, तो तिला आठवला. ती थांबली आणि वळून पाटलांच्या वाड्याकडे गेली. पुढं तिला सगळ्यांत जास्त राग येत राहिला तो त्या थांबण्याचा.

अंगणात पाटलांची नवी सून सुभद्रा धान्य वाळवत होती. तिनं शकुनचं तोंड पाहिलं. आतून तांब्या आणला आणि लोटा काठोकाठ भरला. उंचावरून नाही, जवळ येऊन.

"कोन हाये वो तती?" खुशालराव बाहेर आले. लोट्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. सून मागे सरकली. त्यांनी पायातल्या जोड्याच्या टोकानं लोटा हळूच आडवा केला. रागानं नाही, आवाजही न चढवता. अंगणातला दगड बाजूला सारावा तसा.

"बैलाले हात लावत नाई, अन पान्याले लावता?"

काळ्या मातीनं ते पाणी डोळ्यांदेखत पिऊन टाकलं. रिकामा लोटा उचलायला शकुनला त्यांच्या जोड्यापाशी वाकावं लागलं.

तिनं खाऱ्याच पाण्याचा चहा केला. फाटला. सहदेवानं कप पाहिला, थोडं हसला. "राहू दे. पलटणीतही कधीकधी असाच मिळायचा." त्यानं दोन घोट घेतले. ऊन कलायच्या आत तो गेला. कपात तिसऱ्या घोटाचा चहा तसाच होता, वर गुठळ्या, खाली पिवळं पाणी.

त्याच्या मौतीचा सांगावा घेऊन कुणी अनवाणी पळालं नाही. खेडच्या भावाला शकुननं पोस्टकार्ड लिहिलं.

तिसऱ्या दिवशी वाड्यातली माणसं पुन्हा विहिरीत उतरली. अठराव्या हाताला मातीत थंडावा आला, एकोणिसाव्या हाताला शकुननं माती जिभेवर ठेवली आणि ती ओरडली. तिच्याआधी ओरडणारं कुणी उरलं नव्हतं. माणसांना अजून दोन हात जायचं होतं, पाणी वाढेल म्हणून. तिनं काठी आडवी धरली. "एक बोट नाई. बाबानं सांगतलं हाये." विहीर छोटी राहिली, पण गोडी राहिली. दगडापाशी बसणं त्या दिवशी संपलं.

शकुननं मात्र तो लोटा घासला नाही. तसाच, मातीचा डाग असलेला, देवमन मामाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला.

दोन वर्षांनी, सहासष्टच्या उन्हाळ्यात, ती पहिल्या बाळंतपणासाठी आलेली अजून माहेरीच होती. नवरा भगवंत अकोल्याला शाळेत मास्तर होता. मुलगी तीन महिन्यांची झाली होती, पण उन्हाच्या धास्तीनं चतुराबाईनं तिला जाऊ दिलं नव्हतं. आदल्या साली पाऊस बुडाला होता. गावच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं.

एका सकाळी बैलगाडीवरून ऑइल इंजिन आलं. त्यामागून फावडी, टोपल्या आणि बाहेरगावचे खोदणारे. खुशालराव आता सरपंच होते. विहीर आणखी दहा हात खाली न्यायची, इंजिन बसवायचं, गावाला भरपूर पाणी आणि उरलेलं पाटलांच्या मिरचीच्या वावराला, असं ठरलं होतं.

शकुननं लिंबाखाली बाज टाकली. तिथून नाल्यापलीकडचं सगळं दिसत होतं. मुलीला पदराखाली घेऊन ती बसली आणि वर येणारी माती पाहू लागली. पहिल्या दिवशी काळी-पिवळी. दुसऱ्या दिवशी निळसर. निळसर मातीची खारी चव तिला न चाखता माहीत होती.

"शकुन," चतुराबाई येऊन म्हणाली, "हे लोकं खाली जाऊन राहिले वो."

"पाहून राहिली मी."

"जाय नं, सांगून ये. नाईतं मी जातो."

"कोनाले सांगतं, माय?"

"कोनालेबी. मानसं हायेत तेबी. लेकरंबाळं हायेत त्यांच्या घरी."

"बाबाबी मानूसच होते."

"हो. पन..."

"माय, तू त्या दगडाच्या पलीकडे गेली तं मी आजच पोरीले घेऊन अकोल्याले जातो. मंग माहं तोंड पाहू नको."

चतुराबाई तिथंच खाली बसली. मुलगी दूध सोडून रडू लागली. शकुननं तिला दुसऱ्या अंगाला घेतलं, पण नजर हलवली नाही. तिसरा दिवस गेला. चौथा गेला. चौथ्या दिवशी संध्याकाळी इंजिन धडधडलं, आणि मनगटाएवढी धार पाहून गावानं पुन्हा नारळ फोडला. खुशालरावांचं हसणं नाल्याच्या अलीकडे ऐकू आलं. शकुन पेटीपाशी गेली, लोटा बाहेर काढला आणि उंबऱ्यावर ठेवला.

नऊ दिवस लागले. नवव्या दिवशी सकाळी गंगूबाईचा चहा फाटला. तिला वाटलं दूध नासलं, म्हणून तिनं सुनेला शिव्या घातल्या. दुपारपर्यंत घरोघरचे चहा फाटले. आठवड्यात मिरचीच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या झाल्या.

बातमी वाड्यात आली तेव्हा शकुन मुलीला न्हाऊ घालत होती. तिला वाटलं होतं, त्या क्षणी काळजावरचं काहीतरी उतरेल. चतुराबाई चुलीपुढून न वळता म्हणाली,

"तुह्या बापाचीच विहीर होती ते, शकुन. या गावात त्याचं तेवढंच होतं."

मुलीच्या अंगावर ओतायचा तांब्या शकुनच्या हातात तसाच राहिला.

दुसऱ्या सकाळी गाव आलं. पुढे पांढऱ्या धोतरातले खुशालराव, मागे गुंड घेतलेल्या बायका, त्यांत गंगूबाई, सुभद्रा. वाड्याच्या विहिरीपासून बरोबर वीस पावलांवर सगळे आपोआप थांबले. तिथं दगड नव्हता, तरी थांबले.  वाड्यातल्या सगळ्यांनी शकुनकडे पाहिलं. ती मुलीला कडेवर घेऊन विहिरीच्या काठावर येऊन उभी राहिली. दुसऱ्या हातात लोटा होता.

"पोरी," खुशालराव म्हणाले, "देवाची करनी झाली. विहीर खारी झाली. चार दिवस पानी वाढा गावाले."

"देवाची नाई, पाटील. माही करनी हाये."

"म्हंजे?"

"बावीस हाताच्या खाली खारं हाये, हे मले मालूम होतं. बाबानं तुमालेबी सांगतलं होतं, विहिरीतून वरडून. तुमी इसरले. मी नाई इसरली. चार दिवस मी त्या लिंबाखाली बसून पाहून राहिली होती."

बायकांत कुजबुज उठली. गंगूबाईनं कपाळावर हात मारला. "अवं सटवे! अन सांगतलं काहून नाई वो?"

"आली असती तं मी उभी राहिली तेवढी जागा धुतली असती तुमी." ती पाटलांकडेच पाहत होती. "हा लोटा वयखता काय, पाटील? माहा बाप तिकडे मरून राहिला होता. एक कप चहा मांगत होता. तुमी जोड्यानं आडवा केला. तुमचा एक लोटा, माही एक विहीर. आता सारखं झालं."

खुशालरावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण मागे तहानलेलं गाव होतं. ते गिळून म्हणाले, "झालं ते झालं. पानी वाढ."

दोन वर्षं तिनं या वाक्याची वाट पाहिली होती. हातभर उंचीवरून धार धरायची, यांना ओंजळ करायला लावायची, अर्धं पाणी सांडायचं, हे सगळं तिनं मनात शंभर वेळा केलं होतं. आता तिनं दोर आणि बादली उचलली आणि काठावर ठेवली, आणि चार पावलं मागे सरली.

"वाढनं तुमच्या विहिरीवर. आमच्या विहिरीवर कोनी कोनाले वाढत नाई. हा दोर आमच्या हाताचा हाये, बादली आमच्या हाताची. या, काढा, प्या. आमच्या पोरीबाळी पेतात तसं."

कुणी हललं नाही. ऊन चढू लागलं. गुंडांच्या पितळेवर ते चमकत होतं. खुशालराव दोराकडे असे पाहत होते, जणू तो आत्ता फणा काढेल. एकदा त्यांचा उजवा हात धोतरावरून थोडा सुटलाही. मग त्यांनी तो मागे घेतला, आणि गावाला उद्देशून म्हणाले, "चला. खारं पेऊ, पन बाटनार नाई."

ते वळले. दोन-तीन म्हातारे वळले. सुभद्रा वळली नाही. तिच्या कडेवर वर्षाचं लेकरू होतं, ओठ कोरडे पडलेलं. ते तिनं गंगूबाईच्या हातात दिलं, पदर खोचला आणि सासरे पाठमोरे चालले असतानाच वीस पावलं चालत आली. दोर धरला. बादली खाली गेली, पाण्याला लागली, वर आली. ती आधी स्वतः ओंजळभर पाणी प्यायली. मग शकुनच्या हातातला लोटा मागून घेतला, खळखळून धुतला आणि काठोकाठ भरला.

"दोन वर्षं झाले," ती एवढंच म्हणाली, आणि लोटा शकुनच्या पुढे धरला.

शकुननं तो घेतला. तिचे डोळे भरून आले, पण खुशालरावांची पाठ अजून दिसत होती, म्हणून ती रडली नाही. सुभद्राच्या मागून गंगूबाई आली, आणि मग रांगच लागली.

ग्रामपंचायतीच्या पुढच्या सभेत शकुन गेली. बाहेर नाही, आत, सतरंजीवर बसली. तिनं सांगितलं की ती विहीर मेलेली नाही. इंजिन काढा, खालचे दहा हात चिकणमाती घालून धुमसानं ठोकून भरा, दोन-तीन पावसाळे जाऊ द्या; बापानं सांगितल्याप्रमाणे गोडी साय पुन्हा धरेल. काठी तिच्याकडे आहे, खुणा तिला पाठ आहेत, ती अकोल्याहून दर आठवड्याला येईल, माती स्वतः चाखेल. मात्र दोन गोष्टी. त्या दगडाचे तुकडे करून ते भरावात घालायचे. आणि मातीची पहिली टोपली खुशालरावांनी स्वतःच्या डोक्यावरून आणायची.

खुशालराव सभेला आले नव्हते. मग सुभद्राचा आवाज दाराकडून आला, "मामंजीले निरोप देतो मी."

निरोप पोचला. त्याला आता दोन महिने झाले. खुशालरावांच्या घरी दोन पाणी भरतात. एक सुभद्राचं, एक त्यांचं. त्यांचा चहा रोज सकाळी ओसरीवर फाटतो आणि तो ते येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत पितात. पाय सुजायला लागलेत, असं गंगूबाई सांगते.

शकुन दर रविवारी मुलीला घेऊन येते. वेशीवरून आत शिरताना ती आधी जुन्या विहिरीकडे पाहते. टोपली अजून आलेली नाही. बाभळीची काठी चतुराबाईच्या दाराशी उभी आहे, तिच्यावर शकुननं स्वतः बाविसावी खूण कोरून लाल दोरा बांधला आहे, आणि तिला घाई नाही.